चार्जर चालतो; पण थांबतो का?

तीन पिनांच्या प्लगची वरची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड का असते? हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांनी वर्गात विचारला असेल. ती लांब असल्यामुळे प्लग बसवताना सर्वांत आधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. जाड असल्यामुळे चुकूनही फेजच्या भोकात शिरत नाही. मुले हे उत्तर लिहितात आणि गुणही मिळवतात. मात्र भिंतीतल्या सॉकेटच्या मागे त्या पिनेला तार जोडलेली आहे की नाही, हे आपण सहसा पाहत नाही.

गेल्या मे महिन्यात भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात कोंढा या गावी एका शिक्षकमित्राकडे जाणे झाले. त्यांनी विजेवर चालणारी स्कूटर घेतली होती. चार्जर सीटखालीच बसवलेला होता आणि बाहेर फक्त तीन पिनांची केबल येत होती. चार्जिंग चालू असताना स्कूटरच्या उघड्या धातूला हात लावला की झिणझिण्या येतात, एवढीच त्यांची तक्रार. ‘गाडी चालते, रात्रीतून बॅटरी पूर्ण भरते, मग चार्जर बिघडला असे कसे म्हणायचे?’ असा त्यांचा सवाल होता.

प्रश्न रास्त आहे. चार्जर चालतो हे तपासणे अगदी सोपे असते. बॅटरी भरली की झाले. तपासायचे असते ते दुसरेच. काही बिनसले तर तो वीज देणे थांबवतो का आणि किती वेळात थांबवतो? चार्जरची सुरक्षा-तपासणी म्हणजे मुख्यतः त्याच्या थांबण्याची तपासणी.

आधी झिणझिण्यांचे पाहू. चार्जरमध्ये प्रत्यावर्ती धारेची दिष्ट धारा करताना मंडल अतिशय वेगाने चालू-बंद होत असते. त्यातून निघणारी विद्युत गडबड घरच्या वायरिंगमध्ये जाऊ नये, म्हणून फेज आणि धातूचे आवरण यांच्यामध्ये एक, आणि न्यूट्रल व आवरण यांच्यामध्ये दुसरे, अशी दोन छोटी धारित्रे जोडलेली असतात. आवरण जमिनीला जोडलेले असेल तर त्यांतून येणारी किरकोळ धारा निमूटपणे जमिनीत जाते. ते जोडलेले नसेल तर आवरण दोन सारख्या धारित्रांच्या मधोमध लटकते, म्हणजे २३० व्होल्टच्या निम्म्यावर, सुमारे ११५ व्होल्टवर येते. मल्टिमीटर लावला तेव्हा शंभराच्या वर आकडा दिसला आणि टेस्टरही मंद पेटला. धारित्र १० नॅनोफॅरडचे धरले तर अंगातून जाणारी धारा पाऊण मिलिअँपिअरच्या आत राहते. तिने माणूस दगावत नाही, नुसता दचकतो. पण अर्थिंगची तार कुठेतरी तुटलेली आहे, हे तीच आपल्याला सांगत असते. उद्या चार्जरच्या आत फेजची तार सुटून आवरणाला टेकली, तर वाटेत धारित्र नसेल. आवरण थेट २३० व्होल्टवर येईल. माणसाच्या शरीराचा रोध ढोबळपणे १००० ओहम धरला, तर २३० मिलिअँपिअर धारा अंगातून जाईल. हृदयाची लय बिघडवायला याहून बरीच कमी धारा पुरते.

बोर्ड उघडून पाहिला. सॉकेटच्या वरच्या भोकाला तारच नव्हती. गावच्या वायरमनने ती जोडून दिली आणि नळाशेजारी आधीपासून ठोकलेल्या एका सळईपर्यंत नेली. मग त्याने आपली नेहमीची परीक्षा घेतली. ६० वॅटचा बल्ब फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये धरला. बल्ब लख्ख पेटला. अर्थिंग ठीक आहे, असा निकाल लागला.

ही बल्बची परीक्षा गावोगाव चालते. तिच्यात काय चुकते हे ओहमच्या नियमाने पाहता येते आणि दहावीच्या वर्गाला हे गणित घालण्यासारखे आहे. ६० वॅटच्या बल्बचा पेटलेल्या अवस्थेतला रोध म्हणजे २३० चा वर्ग भागिले ६०, अर्थात सुमारे ८८० ओहम. सळई आणि जमीन यांचा मिळून रोध १०० ओहम असला तरी बल्बला जवळजवळ २०६ व्होल्ट मिळतात, म्हणजे तो झकास पेटणारच. पण त्याच १०० ओहमच्या वाटेने बिघाडाची धारा गेली, तर ती फक्त २.३ अँपिअर असेल. १६ अँपिअरच्या एमसीबीला तिचा पत्ताही लागणार नाही. ती वीज तोडणार नाही आणि स्कूटर २३० व्होल्टच्या आसपासच राहील. (ही बल्बची परीक्षा मुलांसमोर करून दाखवू नये. उघड्या तारा हातात धरून केलेला तो प्रकार आहे. कागदावरचे गणित पुरेसे आहे.)

आम्ही अर्थ टेस्टर मागवून मोजले, तेव्हा रोध शंभर ओहमच्या आसपासच निघाला. त्यात आश्चर्य नाही. हीच जमीन पावसाळ्यात, धानाच्या बांधीत पाणी उभे असताना, वीज चांगली वाहून नेते. मे महिन्यात भेगा पडल्या की तिचा रोध कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून अर्थिंग मोजायचे ते उन्हाळ्यात. कोळसा-मीठ भरून नीट खड्डा केला, पाणी घातले, तेव्हा आकडा वीसच्या आत आला. तरीसुद्धा २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअरच. घरगुती ‘सी’ प्रकारची एमसीबी ताबडतोब पडायला तिच्या क्षमतेच्या पाच ते दहापट धारा लागते, म्हणजे १६ अँपिअरच्या एमसीबीला ८० ते १६०. चांगला खड्डा करूनही एमसीबीवर भिस्त ठेवता येत नाही, असे दिसते.

येथे उपयोगी पडते ते ईएलसीबी किंवा आरसीसीबी. तिची कल्पना साधी आहे. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एका चुंबकीय कड्यातून जातात. जेवढी धारा जाते तेवढीच परत आली, तर दोघींची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना खोडून काढतात. काही धारा जमिनीच्या वाटेने निसटली, तर हिशेब जुळत नाही, कड्यात क्षेत्र उरते, त्याभोवतीच्या गुंडाळीत विद्युतदाब निर्माण होतो आणि खटका पडतो. ही ३० मिलिअँपिअरची असेल तर २० ओहम काय, हजार ओहमच्या अर्थिंगवरही ती काम करते.

तिची खरी तपासणी मात्र ‘टी’ लिहिलेले बटण दाबून पूर्ण होत नाही. ते बटण आतल्या एका रोधातून कड्याला वळसा घालून धारा सोडते. यंत्रणा अडकलेली नाही एवढेच त्यातून समजते. तपासणीचे उपकरण प्रथम निम्मी, म्हणजे १५ मिलिअँपिअर धारा निसटू देते. तेव्हा ती पडता कामा नये. मग ३० मिलिअँपिअर. आता ३०० मिलिसेकंदांच्या आत पडली पाहिजे. मग पाचपट, १५० मिलिअँपिअर. आता ४० मिलिसेकंदांच्या आत. ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, म्हणजे फक्त दोन आवर्तने.

विजेच्या गाड्यांच्या बाबतीत एक वेगळीच अडचण उद्भवते. गाडीत दिष्ट धारेची बॅटरी असते. गळती होणारी धारा दिष्ट असेल, तर ती कड्यात एकाच दिशेचे क्षेत्र भरून ठेवते, कडे संपृक्त होते आणि मग प्रत्यावर्ती धारेची गळतीही त्याला जाणवत नाही. थोडक्यात, ईएलसीबी आंधळी होते. म्हणून मोटारींच्या चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर दिष्ट गळती ओळखणारी वेगळी सोय करतात किंवा अशी गळतीही जाणणारी ‘बी’ प्रकारची आरसीसीबी वापरतात. तपासणारा ही दिष्ट गळती मुद्दाम सोडून पाहतो.

मोटारीसाठी भिंतीवर जी पेटी बसवतात तिलाही आपण चार्जर म्हणतो; वास्तविक चार्जर गाडीच्या आत असतो. भिंतीवरची पेटी म्हणजे एक हुशार स्विच. ती गाडीशी बोलल्याशिवाय वीज सोडत नाही. हे बोलणे कसे चालते ते समजून घेण्यासारखे आहे, कारण पेटीच्या तपासणीचे मर्म तेथेच आहे. भारतात मोटारींसाठी प्रचलित असलेल्या टाइप-२ प्लगला सात पिना असतात. तीन फेज, न्यूट्रल आणि अर्थ या पाच झाल्या. उरलेल्या दोन लहान. त्यांतील एक प्लग बसला आहे का आणि केबल किती धारा पेलते ते सांगते. दुसरी संदेशाची, तिला कंट्रोल पायलट म्हणतात.

पेटी या पायलट तारेवर १००० ओहमच्या रोधातून १२ व्होल्ट ठेवते. गाडी जोडलेली नसेल तर तारेवर १२ व्होल्टच राहतात. गाडीच्या आत पायलट आणि अर्थ यांच्यामध्ये एक डायोड आणि २७४० ओहमचा रोध असतो. प्लग बसला की विभवांतर ९ व्होल्टवर उतरते. पेटीला समजते की गाडी आली. गाडी तयार झाली की ती आणखी १३०० ओहमचा रोध समांतर जोडते आणि विभवांतर ६ व्होल्ट होते. याचा अर्थ, ‘मी तयार, वीज सोडा.’ त्यानंतरच पेटीतला मोठा संपर्क बंद होऊन २३० व्होल्ट प्लगमध्ये येतात.

किती धारा घेता येईल हेही पेटी याच तारेवरून सांगते. गाडी जोडल्यावर ती १२ व्होल्टची स्थिर पातळी सोडून अधिक १२ ते उणे १२ असा चौकोनी तरंग सेकंदाला हजार वेळा पाठवते. प्रत्येक आवर्तनात धन भाग किती टक्के, त्याला ०.६ ने गुणले की अँपिअर मिळतात. १० टक्के म्हणजे ६ अँपिअर, ५० टक्के म्हणजे ३० अँपिअर. डायोडमुळे गाडीत फक्त धन भाग खाली येतो, ऋण भाग उणे १२ वरच राहतो. प्लगमध्ये पाणी शिरून रोध तयार झाला किंवा कोणा मुलाने बोट घातले, तर दोन्ही भाग सारखेच खाली येतील. ‘ही गाडी नव्हे’ हे पेटीला त्यावरून ओळखता येते.

हा प्रयोग वर्गात होण्यासारखा आहे. १२ व्होल्टचे अ‍ॅडॉप्टर, १००० ओहमचा एक रोध, २७०० आणि १३०० ओहमचे प्रत्येकी एक, १एन४००७ डायोड आणि मल्टिमीटर एवढे पुरे. १००० ओहमच्या पुढे डायोड आणि २७०० ओहम एकसर जोडा, मीटरवर ९ च्या जवळ आकडा दिसेल. २७०० ला समांतर १३०० जोडा, ६ च्या जवळ दिसेल. डायोडवर ०.७ व्होल्ट पडतात हे धरून मुलांना आधी गणिताने आकडे काढायला सांगा, मग मोजू द्या. आता शेवटची, परतीची तार काढा. मीटर पुन्हा १२ दाखवील.

या शेवटच्या पायरीवर जरा थांबावे. संदेशाची परतीची वाट अर्थच्या तारेतूनच आहे. केबलमधील अर्थची तार तुटली, तर पेटीच्या दृष्टीने गाडीच नाहीशी होते आणि १०० मिलिसेकंदांच्या आत तिने वीज तोडायची असते. अर्थ नाही, तर वीजही नाही. कोंढ्याच्या सॉकेटला असे काही कळत नव्हते. ते अर्थ नसतानाही रात्रभर वीज देत राहिले. अर्थात पेटीपासून जमिनीपर्यंतची तार तुटली असेल तर ती पायलटला कळत नाही. तो रोध मोजावाच लागतो.

पिनांच्या लांबीतही तोच विचार आहे. अर्थची पिन सर्वांत आधी जुळते, पायलटची सर्वांत शेवटी. काढताना उलटे. चालू चार्जिंगमध्ये कोणी प्लग हिसकला, तर पायलट आधी सुटते, पेटी वीज तोडते आणि मोठ्या पिना सुटेपर्यंत त्यांत धारा उरलेली नसते. आपल्या जुन्या तीनपिनी प्लगचीच ही एक पायरी पुढची आवृत्ती.

तपासणीसाठी गाडी लागत नाही. गाडीचे सोंग घेणारी एक पेटी असते. तिच्यात वरचेच रोध, डायोड आणि खटके असतात. तपासणारा तिने ९ व्होल्ट करतो, ६ करतो. पेटी वीज सोडते का पाहतो. मग तिला फसवतो. डायोड आखूडतो, पायलट अर्थला टेकवतो, अर्थ तोडतो. प्रत्येक वेळी पेटीने नकार दिला पाहिजे आणि तो किती मिलिसेकंदांत दिला हे नोंदले जाते.

प्रयोगशाळेत याशिवाय पुष्कळ काही होते. वाहने आणि त्यांच्या सुट्या भागांची चाचणी करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था पुण्यात १९६६ पासून आहे. चार्जरसाठी एआयएस-१३८ आणि आयएस १७०१७ ही मानके वापरात आहेत. उघड्या भागांपर्यंत हात पोचतो का, हे पाहण्यासाठी १२ मिलिमीटर जाडीचे, सांधे असलेले धातूचे ‘बोट’ फटींमध्ये घालून पाहतात. धूळ आणि पाणी उडवतात. प्लग जमिनीवर पडला आणि त्यावरून गाडी गेली तर काय, हेही पाहतात. सुमारे ५००० न्यूटन भार देणारे चाक ताशी ८ किलोमीटर वेगाने त्यावरून नेतात. चिरडला तरी आतील विद्युतभाग उघडे पडता कामा नयेत.

पण आपल्याकडे मोटारींपेक्षा स्कूटर आणि ई-रिक्षांचाच भरणा अधिक, आणि तेथे धोका बॅटरीच्या बाजूनेही येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला. भाजलेला सात वर्षांचा मुलगा पुढे दगावला. त्या वर्षी देशात अशा आगी बऱ्याच लागल्या. बॅटऱ्यांसाठीची मानके (दुचाकींसाठी एआयएस-१५६) कडक करण्यात आली आणि नवे नियम १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्यांत चार्जरविषयीही अपेक्षा आहेत. बॅटरीचे विभवांतर मर्यादेला पोचले की त्याने थांबावे आणि सुरुवातीला एकदम पूर्ण धारा न सोडता अंदाज घेत सुरू व्हावे.

येथे गावपातळीवर होणारी एक चूक सांगायला हवी, कारण ती चुकीच्या पाटीमुळे नव्हे, तर बरोबर पाटीमुळे होते. ई-रिक्षाच्या चार शिसे-आम्ल बॅटऱ्या एकसर जोडल्या की ४८ व्होल्ट होतात. तिच्या चार्जरवर ‘४८ व्होल्ट’ लिहिलेले असते. स्कूटरच्या लिथियम बॅटरीवरही ‘४८ व्होल्ट’च असते. पण भरताना शिसे-आम्लाचा चार्जर प्रत्येक बॅटरीला सुमारे १४.४, म्हणजे एकूण ५७.६ व्होल्टपर्यंत जातो. ४८ व्होल्टच्या लिथियम-आयन बॅटरीत बहुधा १३ घट एकसर असतात आणि प्रत्येकाची कमाल मर्यादा ४.२ व्होल्ट, एकूण ५४.६. ५७.६ ला १३ ने भागले तर घटाला ४.४३ व्होल्ट येतात. आतील संरक्षक मंडल शाबूत असेल तर ते तोडेल. ते नसेल किंवा जळलेले असेल तर घट तापत जाईल. एकाचा चार्जर दुसऱ्याला ‘बसतो’ म्हणून वापरला की चार्जर चालतो, भरतोही. योग्य ठिकाणी थांबत मात्र नाही.

सॉकेटही तितकेच पाहावे. सैल झालेल्या पिनेचा संपर्क-रोध ०.१ ओहम असला आणि १५ अँपिअर धारा गेली, तर तेथे साडेबावीस वॅट उष्णता निर्माण होते. डाग देण्याची इस्त्री, जिला आपण सोल्डरिंग आयर्न म्हणतो, साधारण एवढ्याच शक्तीची असते. ती सॉकेटमध्ये सहा तास चालू ठेवल्यासारखेच हे झाले. म्हणून चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासाने प्लगचा बाहेरचा भाग हाताने चाचपून पाहण्याची सवय चांगली. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१९ मध्ये सुरक्षा नियमांत चार्जिंगसाठी तरतुदी जोडल्या. त्यांतही सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच असावे, एक्स्टेंशनची वायर वापरू नये आणि ३० मिलिअँपिअरचे गळती-संरक्षण असावे, असे सांगितले आहे.

कोंढ्याला खड्डा झाला, तार जोडली आणि झिणझिण्या थांबल्या. घराच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरची ईएलसीबी बसवली. चार दिवसांनी मित्राचा फोन आला. ईएलसीबी दिवसातून दोन-तीनदा पडत होती, घर अंधारात जात होते आणि वायरमनचे म्हणणे होते, ‘सर, हे काढून टाका जी, खराब निघाली.’ मी त्यांना पडण्याच्या वेळा लिहून ठेवायला सांगितले. दोन दिवसांत उलगडा झाला. स्कूटर लावलेली असो वा नसो, विहिरीवरची मोटर सुरू केली की ईएलसीबी पडत होती. मेगर लावून पाहिले तेव्हा मोटरच्या गुंडाळीचे विद्युतरोधन जवळजवळ संपलेले निघाले. विहिरीजवळच्या ओल्या ओट्यावर उभे राहून घरातील मंडळी रोज ती मोटर सुरू करीत होती. मोटर गुंडाळायला भंडाऱ्याला पाठवली. ती परत येऊन बसल्यावर ईएलसीबी पडलेली नाही.